कोल्हापुरात एमएनडीच्या पेशंटसाठी डॉक्टरांची टीम कशी जमवायची?

पेठकर_८४

नमस्कार मंडळी, विषय जरा जड आहे पण इथंच विचारावंसं वाटलं. माझ्या वडिलांना, वय ६३, मोटर न्यूरॉन डिसीज आहे असं गेल्या महिन्यात पक्कं झालं, त्यातला एएलएस प्रकार. सुरुवात उजव्या हातानं झाली, सदऱ्याची बटणं लागंनात, कुलपात किल्ली फिरंना, आधी सगळे म्हणाले मानेचा मणका दबलाय, त्यात बरेच महिने गेले, मग पुण्याला ईएमजी आणि एनसीव्ही या स्नायूंच्या आणि नसांच्या तपासण्या झाल्या आणि तिथल्या न्यूरोलॉजिस्टनी समोर बसवून नीट सांगितलं. आता दोन्ही हात कमजोर आहेत, उजवं पाऊल चालताना घासतं आणि दिवाळीपासनं बोलणं जड झालंय, फोनवर तर चटकन कळतच नाही. आजाराचा वेग थोडा कमी करणारी रायलुझोल ५० ची गोळी सकाळ-संध्याकाळ चालू आहे.

पप्पा जुने तालमीतले, साठीपर्यंत रोज जोर-बैठका, त्यामुळं त्यांच्या डोक्यात एकच, ताकद गेलीय तर व्यायाम वाढवायचा. तालमीतली मित्रमंडळी पण येऊन तेच सांगतात. फिजिओथेरपिस्ट वेगळं सांगतात, फॅमिली डॉक्टर म्हणतात विश्रांती द्या, एकजण म्हणतो प्रोटीन पावडर चालू करा, काकांनी मुंबईत स्टेम सेलवाला शोधलाय आणि पैसे पण द्यायला तयार आहेत. सगळे जीव लावूनच सांगतायत पण एकाचं दुसऱ्याला माहीत नाही आणि मधी आम्ही.

वाचलं की बाहेरच्या देशांत एमएनडीच्या पेशंटला न्यूरोलॉजिस्ट, छातीचे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट असे सगळे एकाच दिवशी एकाच ठिकाणी बघतात. आपल्याकडं असं कुठं आहे का? नसेल तर कोणाकोणाला दाखवायचं, कधी दाखवायचं, आणि सगळ्यांचा ताळमेळ कोणी ठेवायचा? बेंगलोरला निम्हान्सला, मेंदू-मज्जातंतूंच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, न्यावं का? मी गोकुळ शिरगावला नोकरीला, शिफ्ट असते, घरी आई आणि बायको, आईची पाठ आधीच दुखती. जे माहीत असेल ते सांगा, आणि खरं तेच सांगा.

मीरा_फिजिओ

पेठकर दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे, मेंदू आणि मज्जातंतूंचेच पेशंट जास्त बघते. सगळ्यात आधी हे, की तुम्ही योग्य प्रश्न योग्य वेळेला विचारलाय, बहुतेक घरं हा प्रश्न दम लागायला लागल्यावर विचारतात.

एमएनडीसाठी स्वतंत्र क्लिनिक निम्हान्सला आहे. एकदा जाऊन या असं मी म्हणेन. लांब आहे, सहाशे किलोमीटर, पण पप्पा अजून चालतायत, गाडीत बसू शकतायत, तोवर जाणं सोपं. दोन कारणांसाठी जायचं. एक म्हणजे निदान परत एकदा तपासून घेणं, कारण मल्टिफोकल मोटर न्यूरोपॅथीसारखे काही आजार हातापासूनच सुरू होतात, दिसायला असेच दिसतात आणि त्यांना इम्युनोग्लोब्युलिनचा उपचार लागू पडतो. दुसरं म्हणजे पुढच्या काळजीचा आराखडा लेखी घेऊन येणं. पण रोजची काळजी बेंगलोरहून होत नाही, ती इथंच होणार, आणि त्यासाठी टीम आपल्यालाच जमवावी लागते. जमते, मी जमलेली बघितलीय.

टीमचा एवढा आग्रह का धरतात तेही सांगते. आयर्लंडमध्ये २००३ साली एक अभ्यास आला होता, त्यात एएलएस क्लिनिकमध्ये एकत्र टीमनं बघितलेले पेशंट नुसत्या न्यूरोलॉजी ओपीडीतल्या पेशंटपेक्षा सरासरी साडेसात महिने जास्त जगले, आणि ज्यांचा आजार बोलण्या-गिळण्यापासून सुरू झाला त्यांच्यात हा फरक आणखी जास्त होता. रायलुझोलच्या ट्रायलमध्ये दोन ते तीन महिन्यांचा फायदा दिसला होता. गोळी चालूच ठेवायची, सुरुवातीचे तीन महिने दर महिन्याला लिव्हरची रक्ततपासणी पण करायची, पण एकत्र बघण्यात गोळीपेक्षा कमी ताकद नाही हे घरच्यांना कळायला हवं. इंग्लंडच्या नाइस या संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत पण दर दोन-तीन महिन्यांनी टीमनं पेशंट बघावा असंच सांगितलंय.

कारण या आजारात एक गोष्ट दुसरीला ओढते. श्वासाचे स्नायू थकले की जेवताना दम लागतो, मग माणूस अर्ध्यात ताट सारतो, वजन उतरतं, वजन उतरलं की स्नायू आणखी झडतात. पोटात नळी घालायची म्हणावं तर तेव्हा फुप्फुसाची ताकदच उरलेली नसते. म्हणून छातीचे डॉक्टर आणि पोटाचे डॉक्टर यांनी एकमेकांचे कागद वाचलेले पाहिजेत.

आता व्यायामाचं. पप्पांना आणि त्यांच्या मित्रांना एकत्र बसवून सांगा की स्नायू आळशी झालेले नाहीत, स्नायूला हुकूम देणाऱ्या नसांच्या पेशी कमी होतायत, त्यामुळं जोर मारून गेलेली ताकद परत येत नाही, उलट शिल्लक स्नायू थकतात. पण पूर्ण विश्रांती पण नको. हलका व्यायाम, रोज सगळे सांधे पूर्ण फिरवणं, स्ट्रेचिंग, आणि खांदे विसरू नका, हात कमजोर झाला की खांदा आखडतो आणि ते दुखणं फार वाईट असतं. मोजमाप सोपं आहे, व्यायामानंतर अर्ध्या तासात थकवा गेला नाही किंवा दुसऱ्या दिवशी पाय जास्त जड वाटले तर आदल्या दिवशी जास्त झालं. तालमीतल्या मित्रांना कामाला लावा ना, त्यांना अंग कसं धरायचं, सांधा कसा फिरवायचा हे शिकवलं तर लगेच जमतं, आणि पप्पांना पण आपल्या माणसांचा हात बरा वाटेल.

पाऊल घासतंय म्हणजे एएफओ लागेल, पोटरीमागनं तळव्याखाली जाणारा हलका प्लास्टिकचा आधार असतो, मापानं करून मिळतो. कोल्हापुरी चप्पल आता बंद, मागं पट्टा असलेलं किंवा वेल्क्रोचे बूट. सदऱ्याला बटणांच्या जागी वेल्क्रो शिवून घ्या, चमच्याला जाड मूठ करा. आणि आईंना आत्ताच शिकवा की माणूस उचलायचा नसतो, सरकवायचा आणि वळवायचा असतो, कमरेचा ट्रान्सफर बेल्ट मिळतो तो घ्या. गरज पडल्यावर शिकायला गेलं की तोवर शिकणाऱ्याची पाठ गेलेली असते.

शाहूपुरीकर

पेठकर, वाचून पोटात कालवलं. माझ्या आईला हाच आजार होता, तिचा बोलण्यापासनं सुरू झाला. मीराताईंनी शरीराचं सांगितलंय, मी श्वास, जेवण आणि फाईल याबद्दल सांगतो कारण शेवटी सगळं त्याच्यावरच येतं.

छातीच्या डॉक्टरांकडं दम लागायची वाट न बघता याच महिन्यात जा. एफव्हीसी ही फुंकायची टेस्ट, पूर्ण श्वास घेऊन किती हवा बाहेर टाकता येते ते बघायची, बसून आणि झोपून दोन्ही करून घ्या, झोपल्यावर आकडा बराच खाली आला तर पडदा म्हणजे डायफ्राम कमजोर होतोय. बोलणं बिघडलं की ओठ नळीवर घट्ट बसत नाहीत, मग नाकातून जोरात श्वास ओढायची एक टेस्ट असते स्निप म्हणून, ती होते का विचारा. आणि घरी लक्ष ठेवा, सकाळी उठल्यावर डोकं दुखतं का, रात्री सारखी जाग येते का, उताणं झोपता येत नाही म्हणून उशा वाढल्यात का, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का. यातलं काही दिसलं की पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता फोन करायचा. श्वासासाठी लागतं ते बायपॅप, म्हणजे मास्कमधून श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देणारं मशीन, एकाच दाबाचं सीपॅप नाही, दुकानदार कधी कधी असेल ते देतात. इंग्लंडमध्ये २००६ साली छापून आलेल्या ट्रायलमध्ये ज्यांचं गिळणं-बोलणं बऱ्यापैकी शाबूत होतं त्यांना या मशीननं जवळपास सात महिने जास्त मिळाले होते, आणि झोप सुधारली, दिवस बरा जायला लागला. मास्क सुरुवातीला कोणालाच सहन होत नाही, आईनं पण दोनदा फेकला होता. दुपारी टीव्ही बघताना थोडा वेळ लावून सवय करायची, मग रात्री.

आणि हे ठळक अक्षरात लिहून घ्या. नुसता ऑक्सिजन लावायचा नाही. या आजारात फुप्फुस चांगलं असतं, भाता चालवणारे स्नायू थकलेले असतात, त्यामुळं कार्बन डायऑक्साइड आत साठतो, त्यात नुसता ऑक्सिजन दिला की बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो आणि माणूस गुंगीत जातो. आमच्याकडं एका रात्री इमर्जन्सीत हेच झालं, ड्युटीवरच्या पोराला आजार माहीत नव्हता. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर हे वाक्य छातीच्या डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी लावून ठेवा.

जेवणाचं. लोकांना वाटतं घट्ट गिळायला अवघड, पण आधी पाणी आणि पातळ पदार्थच श्वासात जातात. तांबडा-पांढरा घरी होतच असेल, तो पातळ आणि वर तिखट, नेमका ठसका लागणारा. रस्सा भातात कालवून मऊ गोळा करून द्या, चव तीच राहते. नाचणीची आंबील जरा दाटसर, मऊ खिचडी, शिरा, कुस्करलेलं केळं दुधात, भाकरी दुधात चांगली भिजवून. तूप-लोणी बिनधास्त घाला, इथं वजन टिकवणं हाच उपचार आहे, डायबेटिस नसेल तर पथ्य कसलं. पप्पांना कट्ट्यावरचं म्हशीचं दूध लागत असेल तर चालू ठेवा, पण घरी आणून उकळून आणि थोडं दाट करून. हनुवटी छातीकडं झुकवून गिळायचं, घास तोंडात असताना कोणी बोलायला लावायचं नाही, पाहुणे आले तरी. गिळणं तपासायला स्पीच थेरपिस्ट लागतात. बोर्ड दिसत नाही म्हणून लोक म्हणतात इथं कोणी नाही, तर कानाच्या मशीनच्या क्लिनिकमध्ये विचारा, ऑडिओलॉजी आणि स्पीच एकाच डिग्रीत शिकवतात.

वजन दर महिन्याला एकाच काट्यावर करा आणि लिहा. मूळ वजनाच्या दहा टक्के उतरलं म्हणजे उशीर व्हायला लागलाय. पोटातली नळी, पेग, ही एफव्हीसी पन्नास टक्क्यांच्या खाली जायच्या आत घातलेली बरी, त्यानंतर गुंगी आणि आडवं झोपणं दोन्हीचा धोका वाढतो. नळी म्हणजे शेवट आला असं आमच्या घरी पण वाटायचं. नळी घातल्यावर पण चवीपुरतं तोंडानं देता येतं, फक्त पोट भरायची सक्ती तोंडावर राहत नाही, आणि औषधं आत जातात. आईला एका जेवणाला दीड तास लागायचा आणि शेवटी ती आणि भरवणारा दोघं रडायला यायचे, ते थांबलं.

ताळमेळ कोणी ठेवायचा विचारलंत. दोन माणसं लागतात, एक घरातलं आणि एक इथला डॉक्टर. डॉक्टर मोठाच पाहिजे असं नाही, फोन उचलणारा फिजिशियन पाहिजे, जो म्हणेल की यांचं सगळं माझ्याकडं आणा. त्यांना पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा, कबूल करणारे आहेत. घरातलं माणूस म्हणजे फाईल सांभाळणारं, ते तुम्ही असाल तर शिफ्टमुळं वहिनींना पण सगळं माहीत पाहिजे. फाईलचं पहिलं पान एकच, त्यावर निदान, गोळ्या, या महिन्याचं वजन, एफव्हीसी, गिळण्याची स्थिती, प्रत्येक डॉक्टरचा नंबर आणि मागच्या वेळी कोणी काय बदललं. प्रत्येक ठिकाणी ते पान आधी पुढं करायचं. आम्ही सगळ्या डॉक्टरांचा व्हॉट्सॲप ग्रुप करायला बघितला, ते जमलं नाही, पानानं जमलं. तपासण्या दर दोन-तीन महिन्यांनी एकाच आठवड्यात उरकायच्या, म्हणजे सगळ्यांच्या हातात ताजा आकडा असतो.

निगवेकर

माझ्या मेव्हण्याच्या ओळखीत एकानं स्टेम सेल केलंय, फरक पडला म्हणतात. काकांनी पैसे देऊ केलेत तर एकदा करून बघायला काय हरकत? बाकी औषध तर नाहीच म्हणतायत. देवाच्या दयेनं लागू पडलं तर पडलं.

मीरा_फिजिओ

निगवेकर काका, तुमची तळमळ समजते, पण यात हरकत आहे म्हणून सांगते. आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमावलीप्रमाणं एएलएससाठी स्टेम सेल हा उपचार म्हणून द्यायला मान्यता नाही, फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये देता येतो, आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्याचे पैसे घेत नाहीत. त्यामुळं पेठकर दादा, काकांना एवढंच सांगा की त्या स्टेम सेलवाल्याकडून सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी नंबर मागून घ्या. नंबरऐवजी पैशाचं पॅकेज सांगितलं की उत्तर मिळालं. काकांना खर्च करायचाच आहे तर बायपॅप, वरखाली होणारा पलंग, लाळ-कफ ओढून काढणारं सक्शन मशीन, दिवसाचा एक मदतनीस, यातल्या कशाचाही उपयोग पहिल्या दिवसापासून होतो.

औषध नाहीच असंही नाही. एडाराव्होनला जपानमध्ये २०१५ ला आणि अमेरिकेत २०१७ ला मान्यता मिळाली, सलाइनमधून देतात, फायदा दिसला तो सुरुवातीच्या टप्प्यातल्या निवडक पेशंटमध्ये, खर्च मोठा, त्यामुळं न्यूरोलॉजिस्टशी सविस्तर बोलूनच. टोफरसेन म्हणून नवीन औषध आहे ते फक्त एसओडी१ या जनुकात दोष असणाऱ्यांसाठी, म्हणजे शंभरात दोनेक पेशंट. घराण्यात आणखी कोणाला असं झालं असेल तर जनुक तपासणीबद्दल निम्हान्सला नक्की विचारा. पायात गोळे येणं, अंग ताठणं, लाळ जास्त सुटणं, बद्धकोष्ठ, या प्रत्येकाला औषध आहे. आजार बरा होत नाही म्हणून त्रास पण सोसायचा असं नाही.

पेठकर_८४

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोनं पण सगळं वाचलं, ती म्हणाली फाईल मी घेते. छातीच्या डॉक्टरांची गुरुवारची वेळ घेतली.

अजून एक विचारतो, कालपासनं हेच डोक्यात आहे. पप्पा अधनंमधनं एकदम रडायला लागतात, आणि कधी कशावरनं तरी हसू येतं ते थांबतच नाही, मयताच्या घरी पण झालं, आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते खचलेत का? आणि बोलणं पूर्ण गेलं तर काय करायचं? सरकारी कागदांचं पण काही असेल तर सांगा.

बावडेकर_ताई

दादा, मी अपंगांच्या शाळेत शिकवते, घरात दिरांना एमएनडी होता. ते रडू-हसू आजाराचाच भाग आहे, मनात तेवढं दुःख किंवा आनंद नसताना पण बाहेर येतं, त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटत असते. आईंना आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, तेव्हा विषय बदलायचा, समजूत घालत बसायचं नाही. यावर गोळ्या आहेत, न्यूरोलॉजिस्टना आवर्जून सांगा, लोक हे डॉक्टरला सांगतच नाहीत. खचणं पण असू शकतं, ते वेगळं विचारायचं. आणि साधारण निम्म्या पेशंटमध्ये विचार करण्यात किंवा वागण्यात थोडाफार बदल होतो, हट्टीपणा, घाई, एकाच गोष्टीला चिकटणं. म्हणून पैशाअडक्याचे आणि उपचारांचे निर्णय त्यांच्याशी आत्ता बोलून घ्या, त्यांना बाजूला ठेवून नको.

बोलण्यासाठी आत्ताच त्यांच्या आवाजात मोबाइलवर रेकॉर्डिंग करा, नातवंडांना मारलेल्या हाका, रोजची वाक्यं, तालमीतल्या गोष्टी. इंग्रजी तक्ते आणू नका, आपला मराठी तक्ता करा. आम्ही पुठ्ठ्यावर स्वरांची एक ओळ, व्यंजनांच्या ओळी, काना-मात्रांची एक ओळ आणि वरती रोजचे शब्द असं केलं होतं, पाणी, कूस बदला, पंखा, दुखतंय, मशीन लावा. आपण ओळीवर बोट न्यायचं, त्यांनी डोळा मिटला की त्या ओळीतली अक्षरं म्हणायची. डोळ्यांची हालचाल या आजारात सहसा शेवटपर्यंत राहते. हात चालतोय तोवर सवय करा, बोलणं गेल्यावर नवीन काही शिकायचं मन राहत नाही.

कागदांचं म्हणजे यूडीआयडी, दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, ऑनलाइन अर्ज केला की सीपीआर या सरकारी हॉस्पिटलला तपासणीला बोलावतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार आहेत, अपंगत्व चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त आलं की सवलती लागू होतात, पप्पा तुमच्यावर अवलंबून असतील आणि तुम्ही इन्कम टॅक्सची जुनी पद्धत घेतली असेल तर ८०डीडी म्हणून ओळखली जाणारी वजावट मिळू शकेल. आजार वाढला की टक्केवारी परत तपासून घेता येते.

आणि एक अवघड पण सांगते. पुढं श्वास फारच कमी झाला तर गळ्याला भोक पाडून व्हेंटिलेटर हवा की नको, हे पप्पांनाच विचारा, आणि त्यांनी जे सांगितलं ते लिहून घ्या. सुप्रीम कोर्टानं २०१८ ला लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं आणि २०२३ ला पद्धत सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही, एवढ्यावर होतं. दिरांनी स्वतः सांगितलं होतं त्यामुळं त्या रात्री घरात भांडण झालं नाही. पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणारे, डॉक्टर पण टीममध्ये आत्तापासनंच घ्या, ते फक्त शेवटच्या आठवड्यासाठी नसतात, दम लागण्याची भीती कमी करायला त्यांच्याकडं औषधं असतात, अगदी थोड्या मात्रेतलं मॉर्फिन सुद्धा.

शाहूपुरीकर

ताईंनी लिहिलेल्या शेवटच्या भागावर पेठकर तुम्ही एकटेच नका बोलू, फिजिशियनला घरी बोलवा किंवा ते असताना बोला, डॉक्टर समोर असले की आईंना पण विचारता येतं.

एक कोल्हापूरचं म्हणून राहिलं. बायपॅप घेताना बॅटरीचं आधी विचारा. इन्व्हर्टर घेणार असाल तर प्युअर साइन वेव्हचा घ्या आणि मशीनवाल्याकडून रात्रभर चालेल का हे हिशेब करून घ्या. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेला महापूर आला तेव्हा शहराच्या बऱ्याच भागात लाइट नव्हती आणि शिरोलीजवळ हायवे बंद, पुण्याला जायचा रस्ताच नाही. तुमची पेठ नदीच्या अंगाला असेल तर जूनच्या आतच ठरवून ठेवा की पाणी वाढायला लागलं की पप्पांना कोणत्या नातेवाइकाकडं हलवायचं, तिथं पहिल्या मजल्यावर जिना आहे का, प्लग कुठं आहे. पुण्याची किंवा बेंगलोरची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये घेऊ नका, तेव्हा व्हिडिओवर बोलता येतं का विचारा. आणि हातानं दाबून श्वास देता येतो ती अंबू बॅग एक घरात ठेवा, घरातल्या दोघांनी तरी ती चालवायला छातीच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या, मशीन बंद पडलं तर लाइट येईपर्यंत तीच.

गुरुवारी जाताना एफव्हीसी झोपून पण करायला सांगायचं विसरू नका. आमच्या फाईलच्या पहिल्या पानाचा नमुना माझ्याकडं आहे, आईचं नाव काढून व्यनि करतो, वहिनींना द्या.